बाबांनी काही दाबलं नव्हतं

लॅपटॉप मी बाबांना दिला तेव्हाच तो हळू झालेला होता. ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. नातेवाइकांत, ऑफिसात, सगळीकडे हेच सांगत आले की बाबांना लॅपटॉप घेऊन दिला. खरं तर मी माझ्यासाठी नवा घेतला होता आणि जुना कपाटात पडून होता. एक कोपरा तडकलेला, बॅटरी मेलेली, चार्जर लावून ठेवला तरच चालणारा. बाबांनी एकदा फोनवर सहज विचारलं, "बाई, कॉम्प्युटरवर मराठी लिहिता येते का वो?" आणि मला वाटलं, चला, त्याचं काहीतरी होईल.

चंद्रपूरला एका कार्यालयात मी दिवसभर कॉम्प्युटरवर माहिती भरण्याचं काम करते. त्यामुळे घरच्यांना वाटायचं, हिला त्यातलं सगळं कळते. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. चंद्रपूर-गडचिरोली एकच जिल्हा होता तेव्हा त्यांची पहिली नेमणूक धानोऱ्याच्याही पुढे, जंगलातल्या एका शाळेत झाली. एक खोली, एक मास्तर, चार वर्ग. मग काही वर्षं मोहर्लीच्या बाजूला, आणि शेवटी चिमूर तालुक्यात, आमच्याच गावाजवळ. रिटायर झाल्यावर ते धानाच्या बांध्यांत रमले होते. पण एका हिवाळ्यात लकव्याचा झटका आला. चालता-बोलता येत होतं, डावा हात मात्र गेला तो गेलाच. बांधीत उतरणं बंद झालं. मग ते ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या पोरांना पाढे विचारायचे. आई म्हणायची, "पोरं आता आपल्या घराच्या मांगून जातेत."

बाबांना एक पुस्तक लिहायचं होतं. पुस्तक हा माझा शब्द, ते त्याला 'हजेरी' म्हणायचे. शिकवलेली जितकी मुलं आठवतील तितकी लिहायची, एकेकाचा एकेक परिच्छेद.

"मार्क नाई लिहायचे," ते म्हणाले. "मार्क रजिस्टरात आहेत. पोरगं कसं होतं थे लिहायचं. थे कुठीच लिहून नाई."

त्यासाठी ते जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर मिळवायचे, एकाकडून दुसऱ्याचा, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा. फोन करून बजावायचे, "तुह्यावर लिहून राह्यलो बरं का." पलीकडून बोलणारा माणूस कधी ट्रक चालवत असायचा, कधी नातवाला मांडीवर घेऊन बसलेला असायचा.

एका रविवारी बसून मी त्यांना शिकवलं. फाइल उघडायची कशी, ठेवायची कशी, अक्षरं कुठं आहेत. ते उजव्या हाताच्या एका बोटानं लिहायचे. 'ज्ञ' कसा काढायचा ते सापडलं त्या दिवशी फक्त तेवढंच सांगायला त्यांनी फोन केला. रोज दुपारी जेवण झालं की आई लॅपटॉपवर झाकलेला टॉवेल काढून घडी घालायची आणि बाबा बसायचे. दिवसाला अर्धं पान व्हायचं. कधी तेवढंही नाही.

तीन-चार महिन्यांत तो अडकायला लागला. 'अडकला' हा त्यांचा शब्द. लिहिता लिहिता अक्षर उमटायचं थांबायचं, बाण हलायचा नाही, पडदा गोठल्यासारखा व्हायचा. मग माझा फोन वाजायचा.

"जयभीम बाई. अडकला वो."

"काय करत होता तुम्ही?"

"काईच नाई. लिहून राह्यलो होतो."

"काहीतरी दाबलं असेल, बाबा."

"नाई वो, काईच नाई दाबलं."

आजूबाजूला ऑफिसातली माणसं असायची, त्यामुळे मी बाबांशी घरची बोली सोडून ऑफिसची मराठी बोलायचे. हुकूम दिल्यासारखं सांगायचे, "तीन बटणं एकदम दाबा." एक हात लुळा पडलेल्या माणसाला लांब-लांबची तीन बटणं एकदम कशी दाबता येतील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ते म्हणायचे, "हाव, दाबतो, थांब," आणि फोन बाजूला ठेवायचे. मग बराच वेळ नुसते दूरचे आवाज यायचे. मला वाटायचं, किती वेळ लावतात.

महिनाभरानं मी घरी असताना लॅपटॉप अडकला, तेव्हा पाहिलं. बाबांनी आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, न विचारता त्यांच्या शेजारी वाकली आणि दोन बटणांवर दोन बोटं ठेवली. बाबांनी तिसऱ्यावर ठेवलं. "हां. आता," ते म्हणाले. दोघांनी मिळून दाबलं आणि दोघंही श्वास धरून पडद्याकडे पाहत राहिली. आईला अक्षरओळख आहे, पण त्या बटणांवर इंग्रजीत काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं. तिनं जागा पाठ केल्या होत्या.

मी हसले. त्या दिवशी तरी मी हसले होते.

मग दर एक-दोन रविवारी माझी दुरुस्ती सुरू झाली. वरोऱ्यावरून बस बदलून मी गावी जायचे, जेवायचे आणि लॅपटॉप पुढ्यात घ्यायचे. आधी त्यात दोन-दोन अँटिव्हायरस सापडले, ते काढले. मग बाबांच्या मोबाइलवरून उतरवलेले सुप्रभातचे व्हिडिओ काढले. मग पाठीमागचे स्क्रू खोलून पंखा पाहिला. आत कोंडा साचला होता, कारण आई तिथंच ओसरीच्या टोकाला धान पाखडायची. रंगाच्या ब्रशनं तो साफ केला, खालून हवा लागावी म्हणून लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवल्या. दर वेळी चार-पाच दिवस तो बरा चालायचा. मग पुन्हा फोन.

काय काय चालू आहे याची यादी उघडली की त्यात एक रकाना असतो, डिस्क किती कामात आहे ते दाखवणारा. तो शंभर टक्के दाखवत होता. सगळं बंद केलं तरी शंभर टक्के. मी ते पाहिलं. रोज आठ तास कॉम्प्युटरसमोर बसणारी मी, ते पाहिलं आणि म्हटलं, अपडेट चालू असेल.

बाबा म्हणाले, "आतून आवाज येते वो बाई. पाल बोलते ना भिताडावर, तसा."

"पंखा आहे तो बाबा."

"पंखा तर घरघर करते. हे येगळं आहे."

मला शेवटची बस धरायची होती. मी म्हणाले, "बाबा, मशीन आपोआप नाही अडकत. तुम्हीच काहीतरी चुकीचं करता. एकदा शांतपणे बघा, तुम्ही काय करता ते."

बाबांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "असंन बाई."

पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यांनी एक वही पुढं केली. "हे पाह्य जरा. मी सारं लिहून ठेवलं." मी म्हटलं, "पुढच्या वेळी बघते." तेव्हाही बसच होती.

त्यानंतर मी तीन बटणांचाही नाद सोडला. अडकला की पॉवरचं बटण दाबून धरा, बंद होईपर्यंत, मग पुन्हा चालू करा. एका बोटाचं काम. महिना-दीड महिना बाबा रोज तेच करत होते, कधी दिवसातून दोनदा, तीनदा.

शेवटचा फोन गुरुवारी आला. धानाच्या रोवणीचे दिवस होते, आई बांधीत गेली होती आणि ते घरी एकटेच होते. आमच्या ऑफिसात बैठकीची तयारी चालू होती, माझ्या हातात कागदांचा गठ्ठा होता.

"बाई, दिवसातून चारदा अडकून राह्यला. असं बटण दाबून दाबून त्याले काई होईन का वो?"

"काही होत नाही बाबा."

"लिहिलेलं जाणार तर नाई ना?"

"नाही जात. तेवढ्यासाठी ऑफिसात फोन करत नका जाऊ. बटण दाबायचं, बस."

"बरं." मग म्हणाले, "तू जेवली का?"

मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. मी जेवले नव्हते.

शनिवारी सकाळी त्यांना दुसरा झटका आला. चिमूरहून चंद्रपूरला आणत होते. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. गाडी आली, मागचं दार उघडलं, आणि आधी मला आईचे पाय दिसले. पोटरीपर्यंत बांधीचा चिखल सुकून पांढरा झाला होता. ती तशीच निघून आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. वरोरा मागं पडल्यावर, वाटेतच ते गेले होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी ओसरी पुरली नाही. अंगणात ताडपत्री टाकावी लागली. कुठून कुठून माणसं आली होती, केस पांढरे झालेली माणसंही बाबांच्या फोटोसमोर शाळेत उभं राहावं तशी उभी राहत होती. बऱ्याच जणांनी मला बाजूला घेऊन तेच विचारलं, सरांनी आमच्यावर लिहिलं होतं ना? मी सगळ्यांना सांगितलं, हो, आम्ही छापणार आहोत. एकाला नाही, सगळ्यांदेखत सांगितलं.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप सुरू केला. काळा पडदा आला, त्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, आणि तो तिथंच थांबला. बटण दाबून बंद केला, पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. चार-पाच वेळा केलं. माझा उपाय दुसरा होताच कुठं.

चंद्रपूरला मी तो एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. वय झालेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं काही खोललं नाही. वायर लावली, चालू केला आणि वाकून कान टेकवला. मग मला खुणेनं बोलावलं. मीही कान टेकवला. बारीक आवाज येत होता, थांबून थांबून. चुक् चुक् चुक्. भिंतीवरची पाल बोलते तसा.

"हार्ड डिस्क गेली ताई," तो म्हणाला. "कधीपासून अटकत होता?"

"वर्ष होत आलं."

"तेव्हापासूनच खराब होऊन राह्यली असंन. चालवणाऱ्याच्या हातात काही नसते यात. अटकला की बंद कसा करत होते?"

मी सांगितलं.

त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "डिस्क तर जाणारच होती. पण लिहिता लिहिता अशी मधातच बंद केली का फाइल तुटते. रोज रोज केलं तर राहतच नाही काही. असं कराले कोणं सांगितलं होतं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "घरच्या घरीच करत होते."

बाबांवर मी शेवटचा आळ घेतला तो हा. ते जाऊन महिनाही झाला नव्हता.

डिस्क नागपूरला पाठवली. दोन आठवड्यांनी त्यातून निघालं ते माझं होतं: माझे जुने फोटो, ऑफिसचे तक्ते, माझ्या लग्नाच्या पत्रिकेचा मसुदा. 'हजेरी' नावाची फाइल होती. उघडली तर पानामागून पान नुसते रिकामे चौकोन.

उरली ती फक्त बावीस पानं. फार आधी बाबांनी ती छापून मागितली होती, म्हणून मी पेनड्राइव्हवर घेऊन ऑफिसात त्यांची प्रिंट काढली होती. तेव्हा एक ओळही वाचली नव्हती. पानं क्रमानं आहेत ना, एवढं पाहिलं होतं. आता वाचली. सगळी धानोऱ्याकडच्या त्या पहिल्या शाळेची. एका मुलाला मराठी येत नव्हतं आणि बाबांना गोंडी. बाबांनी लिहिलंय, "त्याने मला 'एर' म्हणजे पाणी हे शिकवले. मी त्याला पाणी हा शब्द लिहायला शिकवला. फिटाफीट." एक मुलगी फ्रॉकच्या ओच्यात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, घेऊन यायची आणि शाळा भरायच्या आधी प्रत्येकाच्या पाटीवर एकेक ठेवायची. "ज्या दिवशी एक कमी पडे, त्या दिवशी तिच्या स्वतःच्या पाटीवर नसे. मी हे तीन महिन्यांनी पाहिले. मास्तर असून तीन महिने लागले."

मोहर्लीकडची आणि आमच्या भागातली मुलं त्या चौकोनांत राहिली.

ती वही मला बाबांच्या उशाच्या फडताळात सापडली. मला वाटत होतं, त्यांनी ती माझ्याशी वाद घालायला लिहिली असेल. मशीनची चूक आहे, माझी नाही, हे दाखवायला. तसं काही नव्हतं. त्यांनी माझं ऐकलं होतं. ते आपली चूक शोधत होते.

"सोमवार, ३.२०. 'आणि' लिहिताना अडकला. बहुधा फार वेगाने लिहिले."

एका बोटानं.

"बुधवार. आज काहीच दाबले नाही, नुसते वाचत होतो. तरी अडकला. चूक सापडत नाही."

"शुक्रवार. बोट धुऊन, कोरडे करून लिहिले. तरी."

"बाईला विचारणे: बोट एकाच जागी जास्त वेळ राहिल्याने होते का?"

"मंगळवार. तीनदा अडकला. फोन केला नाही. तिला काम असते."

पंचवीस-तीस पानं अशी. बाबांच्या फळ्यावर असायचं तसं सुबक अक्षर. मी ती वही आईला दाखवली नाही.

पुढे थंडी पडल्यावर एका बाईचा फोन आला. मोहर्लीला गाइडचं काम करते, पर्यटकांना जिप्सीतून जंगल दाखवते. बाबांची विद्यार्थिनी. म्हणाली, पार्क बंद असते त्या दिवशी येतो. मी रजा टाकून गावी गेले. दोन बस बदलून ती दुपारी पोचली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, बोलताना सरळ डोळ्यांत पाहणारी. आईच्या पाया पडली, बाबांच्या फोटोसमोर थोडा वेळ उभी राहिली, मग माझ्यासमोर बसली.

"सरांनी मले फोन केला होता, ताई. म्हणे, तुह्यावर दोन पानं झाले. मी म्हटलं, सर, दोन पानांएवढं काय आहे माह्यावर? तर हासले. म्हणे, वाचशीन तवा कळन." तिनं पाण्याचा पेला हातात घेतला. "मी शाळा सोडली तवा सर घरी आले होते. बापासंग भांडले होते. मी दाराआड होतो, काई ऐकू नाई आलं. मले वाचून पाह्याचं आहे."

छापायचं आहे, वेळ लागतो, असं काहीतरी मी सांगू शकले असते. इतके दिवस सगळ्यांना तेच सांगत होते. पण ती दोन बस बदलून आली होती. मी तिला सगळं सांगितलं. जुना लॅपटॉप दिला ते, पालीचा आवाज, शंभर टक्के, पॉवरचं बटण. माझ्यामुळे गेलं, असंही सांगितलं. हे मोठ्यानं बोलायची माझी ती पहिली वेळ.

ती ऐकत होती. पाण्याचा पेला तिनं हातातच धरून ठेवला होता. मी म्हणाले, "तुम्ही सांगा, मी लिहून घेते. तुमच्या शब्दांत. तुमचं पान पुन्हा तयार होईल."

तिनं मान हलवली.

"माह्या संग काय झालं थे मले माहीत आहे, ताई. सरांनी मले कसं पाह्यलं थे पाह्याचं होतं. थे तुमी कुठून लिहिसान?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. आईनं चहा आणला, तो तिनं घेतला. निघताना तिनं बाबांचा फोटो मागितला. माझ्या मोबाइलमध्ये शोधत बसले. लग्नाकार्यातल्या गर्दीत कुठंतरी मागं उभे असलेले बाबा सोडले, तर त्यांचा एकट्याचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. शेवटी तिनं भिंतीवरच्या फोटोचाच फोटो काढून घेतला. काचेवर दाराचा उजेड पडत होता, म्हणून आईनं दार लोटून धरलं.

तिला बसवर बसवून मी परत आले तेव्हा आई ओसरीवर बसली होती. आत चहा ठेवताना तिनं सगळं ऐकलं होतं.

"मले नाई सांगितलं तू," ती म्हणाली.

"नाही."

मी तिच्याजवळ बसले. रस्त्यानं शाळेतली पोरं आमच्या घरासमोरून गेली. ती पुढं गेल्यावर आईनं विचारलं, "म्हणजे त्यायची चूक नाई होती?"

"नाही आई. त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं."

"थे त्यायले माहीत होतं का?"

मी म्हणाले, "नाही. नव्हतं माहीत."

आई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली.